मोजणी जुळेपर्यंत

१

वृद्धाश्रमाच्या तपासणीला गेले की मी आधी नाक वापरते. डोळ्यांना फसवणं सोपं असतं. नवा रंग, नव्या चादरी, दारातल्या कुंड्या, सगळं आदल्या दिवशी आणता येतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे सतरा वर्षांच्या नोकरीत मला पुरतं कळलंय. नाकाला फसवायला मात्र फिनेल लागतं, आणि फिनेलचा वास जास्त आला की मी सरळ गाद्या उलटायला घेते. नाकानंतर हात. प्रत्येक नळाचं गरम पाणी तापमापकावर धरायचं, पलंगाचे कठडे हलवून पाहायचे, उशाशी असलेली घंटा दाबायची आणि कोण किती मिनिटांत येतं ते घड्याळावर बघायचं. मग औषधांचं कपाट, वजनांची वही, कोण कधी पडलं त्याची वही. कान सगळ्यात शेवटी. म्हातारी माणसं तपासणीच्या दिवशी गोडच बोलतात, कारण मी गेल्यावर त्यांना तिथेच राहायचं असतं.

पाठीमागे लोक मला खडूस म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही. आमच्या खात्यात एक वाक्य आहे: लिहिलं नाही ते घडलं नाही. औषध दिलं म्हणता, मग सही कुठे आहे? कूस बदलली म्हणता, मग वेळ कुठे लिहिलीय? या एका वाक्याच्या जोरावर मी भल्याभल्या संस्थाचालकांना घाम फोडलाय.

घरी मात्र हे वाक्य चालत नाही. घरी माझी आई आहे, ब्याऐंशी वर्षांची, आणि तिच्यासाठी घडलेलं काहीच घडलेलं नसतं. मी त्रेपन्न वर्षांची बाई, पण ती मला अजून चिमणी म्हणते आणि समोर बसलेल्या मलाच विचारते, "चिमणी आली का?" हो म्हटलं की मान डोलावते. दोन मिनिटांनी पुन्हा विचारते. गेल्या महिन्यात मी वीस मिनिटांसाठी खाली औषध आणायला गेले, तर तिने गॅस सुरू केला, पेटवला नाही, आणि शेगडीशेजारी स्टूल टाकून माझी वाट बघत बसली. तेव्हापासून ती एक क्षण एकटी राहत नाही. दिवसा एक मावशी येतात, साडेपाचला त्यांना दुसऱ्या कामावर जायचं असतं, त्याआधी मी घरात पोचलेली असते. हा नियम मी आजवर मोडलेला नव्हता.

भाऊ परदेशातून फोनवर म्हणतो, "एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेव ना. तुला तर सगळी माहीत आहेत."

सगळी माहीत आहेत, म्हणूनच तर ठेवलं नाही. तरी एका वृद्धाश्रमाचा कोरा अर्ज चार महिने माझ्या कपाटात साड्यांच्या खाली पडून होता, हेही सांगून टाकते.

२

त्या गुरुवारी जिथे गेले तिथे मी आदल्या वर्षीही गेले होते. तेव्हा तिथला एक म्हातारा, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, संध्याकाळी उघड्या दारातून निघून गेला आणि तिसऱ्या दिवशी बाजारामागच्या नाल्यात सापडला. तो बाहेर पडून तीन तास झाले होते, तेव्हा हजेरीच्या वहीत ‘सर्व उपस्थित’ असं लिहिलेलं होतं. न मोजताच. मी बारा पानी अहवाल दिला. मेट्रन माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडली आणि मी तिला पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही.

त्या अहवालात मी एक नियम घालून दिला. दिवसातून तीनदा मोजणी. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्याने आकडा म्हणत. मोजलेली डोकी आणि पटावरची नावं जुळेपर्यंत मुख्य दार कोणासाठीही उघडायचं नाही. ‘कोणासाठीही’च्या खाली मी रेघ ओढली होती. खात्यात त्या नियमाचं फार कौतुक झालं. तो पुढे इतर संस्थांनाही लागू केला.

अकरा वाजता मी आत गेले आणि मेट्रनने माझ्यामागे दार लावून किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवली. धिप्पाड बाई, आवाज मऊ. वर्षभरात तिने जागेचा कायापालट केला होता. फिनेलचा वास नव्हता, वासच नव्हता. नळाचं पाणी बेचाळीस अंशांच्या वर जात नव्हतं. घंटा दाबल्यावर निळा एप्रन घातलेली सेविका चाळीस सेकंदांत हजर झाली. मी मुद्दाम न्हाणीघरातली घंटा दाबली, तिथेही तेच. एकाही म्हाताऱ्याच्या पाठीला जखम नाही. वजनं स्थिर. मला दोष सापडेना, आणि दोष सापडला नाही की मला अस्वस्थ वाटतं.

"बाई, आम्ही पळून जाणारे नाही," शेवटच्या खोलीतले आजोबा म्हणाले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. "मनात फार येतं हो, पण गुडघे परवानगी देत नाहीत."

मी हसले. पटावर मास्तरांचं नाव सगळ्यात शेवटी होतं, बाविसावं.

३

तीन वाजता चहा झाला आणि सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये आणून भिंतीकडेच्या खुर्च्यांत बसवलं. मी दारापाशी वही घेऊन उभी राहिले. एवढी मोजणी पाहायची, सही करायची आणि निघायचं, असा माझा बेत होता. घर तिथून तासाच्या अंतरावर.

मेट्रनने दाराजवळून सुरुवात केली. खांद्यावर हात, आकडा. खांद्यावर हात, आकडा. कोणी हसत होतं, कोणी झोपेत होतं, एक आजी दर वेळी "आले" म्हणत होत्या. खिडकीपाशी वळून ती परत दाराकडे आली आणि शेवटच्या खुर्चीवर थांबली.

"तेवीस," ती म्हणाली.

तिने म्हाताऱ्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मला ती लहानपणची गोष्ट आठवली. दहा जण नदी ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर प्रत्येक जण स्वतःला सोडून नऊच मोजतो. इथे उलटं झालं असणार, कोणीतरी दोनदा मोजलं गेलं. "मेट्रन, वळताना चुकलात," मी म्हणाले आणि वही काखेत मारून स्वतः मोजायला लागले. मी सतरा वर्षं हेच काम करणारी बाई आहे, मला बाविसापर्यंत मोजता येतं. प्रत्येक खांद्यावर पुरता हात ठेवला. उबदार खांदे, हाडकुळे खांदे, एक लोकरीचा स्वेटर, एक ओलसर पदर.

तेवीस.

"नावं घेऊ," मी म्हणाले. मी नाव वाचायचं, मेट्रनने त्या माणसापाशी जाऊन उभं राहायचं, मी खूण करायची. बावीस नावं, बावीस खुणा. कोणी उरलं नाही. मी हॉलभर नजर फिरवली. ज्याला नाव नाही असा एकही चेहरा तिथे नव्हता.

मग पुन्हा डोकी मोजली. तेवीस झाली.

४

पहिला विचार आला तो अगदी साधा होता आणि त्याने मला बरंही वाटलं. हे लोक पटावर न घेता एखादा जास्तीचा माणूस ठेवतात. असे प्रकार मी पाहिलेत. एकदा कोळशाच्या खोलीत पलंग सापडला होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशा संस्था काही कमी नाहीत. मी जाऊन सगळ्या खोल्या पुन्हा पाहिल्या. बावीस पलंग, बावीस टॉवेल, पेल्यांत बावीस टूथब्रश. स्वयंपाकघरात बावीस ताटं. दोन्ही सेविका स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या होत्या, म्हणजे त्या मोजल्या गेल्या नव्हत्या. न्हाणीघरात कोणी नव्हतं. पलंगांखाली चपलांशिवाय काही नव्हतं.

परत आले आणि औषधांच्या बाटल्यांवर लावायच्या चिकटपट्ट्या मागवल्या. मोजून बावीस कापल्या आणि एकेकाच्या छातीवर एकेक लावत गेले. एका आजींनी "किती सुरेख" म्हणून ती कुरवाळली. हॉल पुरा झाला तेव्हा माझ्या हातात एकही पट्टी उरली नव्हती, आणि हॉलमध्ये पट्टी नसलेलं कोणी नव्हतं. छातीवरच्या पट्ट्या मोजल्या. बावीस. डोकी मोजली. तेवीस.

डोळ्यांचा नंबर वाढला असेल. रक्तदाब असेल. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण मेट्रनलाही तेवढीच दिसत होती, आणि तिने तर पोटभर जेवलेलं मी पाहिलं होतं.

मी साहेबांना फोन लावला. काय सांगावं कळेना, म्हणून म्हणाले, "मोजणीत एकाचा फरक येतोय."

"मग सही करू नकोस," ते म्हणाले. "आणि दारही उघडायला लावू नकोस. नियम तुझाच आहे ना?" मागे कोणीतरी हसलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

"मेट्रन, मला निघायला हवं. दार उघडा, उद्या येऊन बघते."

"कसं उघडू, मॅडम?" तिच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. "जुळलं नाहीये."

"मी सांगतेय ना."

"गेल्या वर्षी संस्थाचालकही असंच म्हणाले होते. मी ऐकलं. मग तुम्ही मला काय काय बोललात ते माझ्या लक्षात आहे." तिने किल्लीवर हात ठेवला. "मी आता कोणाचंच ऐकत नाही."

"बरं, बावीस लिहा आणि मोकळ्या व्हा."

हे मी म्हणाले. मी, जिने दुसऱ्यांच्या खोट्या आकड्यांवर बारा पानं लिहिली. मेट्रनने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

पण मी काही नवखी नाही. आगीच्या वेळचं मागचं दार बाराही महिने आतून ढकलून उघडलं पाहिजे, हाही नियमच आहे, आणि ते दार सकाळी मीच तपासलं होतं. मी तडक बोळातून गेले आणि आडव्या दांड्यावर सगळा भार टाकला. दार उघडलं. भोंगा वाजायला लागला. बाहेर चार भिंतींचं छोटं अंगण होतं आणि समोर फाटक, फाटकाला कुलूप. सकाळी मी ते कुलूपही पाहिलं होतं आणि ‘योग्य’ अशी नोंद केली होती.

मागून पावलं वाजली. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, घासत येणाऱ्या चपला. भोंगा झाला की सगळ्यांना अंगणात आणून मोजायचं, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की तीन मिनिटांच्या आत अंगण भरलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. ते भिंतीला टेकून एका ओळीत उभे राहिले, मी फाटकाशी, आणि माझ्या नि दाराच्या मधे ती ओळ. मेट्रन खांद्यांवर हात ठेवत येत होती. भोंग्याच्या आवाजात मला तिचे आकडे ऐकू येत नव्हते, फक्त ओठ दिसत होते. शेवटाला आल्यावर तिने माझ्याकडे बघून ‘नाही’ अशी मान हलवली.

परत आत जाताना मास्तरांनी माझा हात धरला. आधारासाठी धरला असं मला वाटलं.

"इतकं मनाला लावून घेऊ नका, बाई. मीही आधी जास्तच होतो."

"म्हणजे?"

"मी कसा आलो ते नीट आठवत नाही. घरी खुर्चीत बसलो होतो बहुतेक." ते आठवायचा प्रयत्न करत होते, कपाळाला आठ्या पडल्या. "मुलाने फोन उचलला, तेवढं आठवतं."

अशी वाक्यं मी रोज ऐकते. विसराळू माणसांच्या वाक्यांत अर्थ शोधायचा नसतो, असं मी नव्या तपासनिसांना शिकवते. मी त्यांचा हात सोडवून घेतला.

६

पाचला वीस कमी असताना मावशींचा फोन आला.

"ताई, निघालात ना?"

"हो, निघतेच आहे. आई काय करतेय?"

"काय करणार, विचारताहेत. चिमणी आली का, चिमणी आली का. ताई, मला आज थांबता नाही येणार हो. शेजारीही गावाला गेलेत. बाहेरून कडी लावून जाऊ का?"

"कडी नका लावू." मग लगेच वाटलं, कडी नाही लावली तर ती रस्त्यावर जाईल. "म्हणजे... थांबा. मी पाच मिनिटांत सांगते. गॅसची नळी तेवढी काढून ठेवा."

मी फोन ठेवला. भीती म्हणतात ती मला त्या हॉलची वाटत नव्हती, खरंच नाही. मला त्या बंद घराची वाटत होती. आतून दार वाजवणारी आई, आणि जिन्यात ऐकायला कोणी नाही.

मी मेट्रनला म्हणाले, "एकदा शेवटचं. आता डोळे मिटून मोजते." डोळेच दगा देत असतील तर त्यांना बाजूला ठेवायचं, असा माझा हिशेब. मेट्रनने माझं कोपर धरलं आणि मला एका खुर्चीकडून दुसऱ्या खुर्चीकडे नेऊ लागली.

एक. दोन. तीन. हातांची एक स्मरणशक्ती असते. तो स्वेटर नववा, तो ओलसर पदर चौदावा. मी सावकाश जात होते. सतरा. अठरा.

एकोणिसाव्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. डावा खांदा. गळ्याच्या हाडाचं टोक वर आलेलं, बोराएवढं, कातडीखाली सरकणारं. मी सात वर्षांची असताना मला कडेवर घेऊन जिना उतरताना आई पडली होती. मला खरचटलंही नाही. तिचं हाड मोडलं आणि वेडंवाकडं जुळलं. मी रोज तिला अंघोळ घालते. त्या बोरावरून साबण कसा घसरतो ते मला माहीत आहे.

माझ्या मनगटावर एक हात आला. कोरडा, हलका.

"चिमणी आली का?"

मी डोळे उघडायला हवे होते. एवढंच तर करायचं होतं. पण मी बंदच ठेवले, आणि मेट्रनने मला हळूच पुढे नेलं, आणि माझ्याच तोंडाने एकोणीस, वीस, एकवीस असे आकडे म्हटले. उघडले तेव्हा तेवीस झाले होते. मागे वळून एकोणिसावी खुर्ची शोधली, तर तिथे छातीवर चिकटपट्टी लावलेली, झोपलेली एक जाडजूड आजी होती.

"मघाचा फोन घरून होता का?" मेट्रनने विचारलं. "घरी कोणी आजारी आहे का?"

"आई आहे."

"एकटी?"

मी घड्याळ पाहिलं.

७

मेट्रन मला कार्यालयात घेऊन गेली, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाली, "मॅडम, मला दोनच मार्ग दिसतात. एक माणूस कमी करायचा, ते काही आपल्या हातात नाही. नाहीतर एक नाव वाढवायचं."

"कोणाचं नाव?"

"ते मी कसं सांगू? नाव, जन्मसाल आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन. फोन करून नातेवाइकाची संमती घ्यायची आणि पटावर चढवायचं. हेही तुम्हीच घालून दिलंय. परस्पर कोणाला आणून ठेवू नये म्हणून."

मी मनातून एक नाव रचलं. कुठल्याशा जुन्या अहवालातलं अर्धं, दुसऱ्यातलं अर्धं. पण फोन? फोन उचलणारं कोणीतरी हवं, होय म्हणणारं. माझ्या ओळखीचं असं एकच माणूस त्या घटकेला मोकळं होतं आणि ते मेट्रनने दिलेल्या खुर्चीत बसलेलं होतं. आणि माझा फोन नंबर दिला की पुढचा प्रश्न ठरलेला, तुमचं नातं काय.

पाच वाजून पाच मिनिटं. हातातला फोन थरथरला. मावशी. मी तो कॉल कापला.

हा फक्त कागद आहे, असं मी स्वतःला सांगितलं. उद्या येऊन कार्यालयीन चूक म्हणून रेघ मारता येईल. नाव लिहिल्याने कोणी कुठे जात नाही. मी इथून सुटले तर आईपर्यंत पोचणार आहे, आणि नाव लिहिलं तरच सुटणार आहे. तिच्यासाठीच लिहितेय. प्रत्येक वाक्य खरं होतं. त्यांच्याखाली, साड्यांच्या खालच्या अर्जासारखं, आणखी एक वाक्य होतं, आणि ते मी वाचलं नाही.

मी आईचं नाव लिहिलं. जन्मसाल लिहिलं. नात्यापुढे ‘मुलगी’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं, हात अजिबात कापला नाही.

मेट्रनने टेबलावरचा फोन ओढला आणि कागदावर बघून एकेक आकडा दाबला. माझ्या हातात फोन वाजायला लागला. मला हसू येत होतं. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या दोन बाया, आणि मधे हा खेळ.

"उचला, मॅडम," ती म्हणाली.

मी उचलला.

"नमस्कार," ती फोनमध्ये म्हणाली, आणि तिचा आवाज मला समोरून आणि कानातून असा दोनदा ऐकू आला. "तुमच्या आई आमच्याकडे आहेत. त्यांना इथे ठेवायला तुमची संमती आहे का?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. हॉलमधून एकही आवाज येत नव्हता. ते सगळे ऐकताहेत असं मला वाटलं.

"आहे," मी म्हणाले.

८

दार उघडलं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. हॉलमध्ये कोणीतरी खुर्चीतून उठल्याचा आवाज झाला, घाईघाईने, आणि चपला घासत दाराकडे यायला लागल्या. मी वळून पाहिलं नाही. मेट्रनने माझ्यामागे दार लावलं आणि चपला दाराच्या आतल्या बाजूला थांबल्या.

टॅक्सीत मी तीनदा मावशींना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. साडेसहाला जिना चढले. दाराला कडी नव्हती. मावशी आत बसल्या होत्या, चक्क पाय पसरून.

"थांबलात तुम्ही?" मला एकदम भरून आलं.

"म्हटलं थांबावं. आणि ताई, आज आई कशा शहाण्यासारख्या बसल्यात बघा. पाच वाजल्यानंतर एकदाही विचारलं नाही. फोन आतच राहिला बघा, तुमचे फोन आले का?"

आई खिडकीपाशी तिच्या खुर्चीत होती. तीच साडी, तीच वेणी, सकाळी मीच घातलेली. मी समोर बसले. "आई, मी आले."

तिने माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि हसली. छान हसली. मी कोण हे तिने विचारलं नाही. चिमणीचं नाव काढलं नाही. मावशी गेल्या, मी भात मऊ कालवून आणला, तिने घासामागून घास घेतला, एक शीत सांडलं नाही. कित्येक महिन्यांत घरात इतकी शांतता नव्हती. मला रडू आलं, आणि खरं सांगते, त्या रडण्यात अर्धी सुटका होती.

तिच्या डाव्या खांद्यावरून पदर सरकला होता. हात घालून पाहायला एक क्षणही लागला नसता. तपासणं हेच तर माझं काम. मी पदर वर ओढला आणि नीट खोचला, हाडाला बोट लागणार नाही असा.

फोन वाजला. मेट्रनचा मऊ आवाज.

"मॅडम, संध्याकाळची मोजणी झाली. तेवीस, जुळली. तेवढं कळवायचं होतं." तिच्यामागे कोणीतरी दार वाजवत होतं, हळूहळू, न थांबता. "नव्या आजी दारापासून हलत नाहीत. सारखं एकच विचारताहेत. त्यांना काय सांगू?"

समोरच्या खुर्चीतली हसली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडून बसली.

"सांगा," मी म्हणाले, "निघालीय म्हणून."